करकपातीचा कौल आणि शाळेचा पैसा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ६ जून १९७८ रोजी झालेल्या मतदानात ‘प्रपोझिशन १३’ या नावाने ओळखली जाणारी घटनादुरुस्ती सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाली, १ जुलैपासून ती अमलात आली आणि राज्यातील घरे, दुकाने, कारखाने व जमिनी यांवरील मालमत्ता कराचे उत्पन्न एका वर्षात निम्म्याहूनही खाली घसरले. हा कर राज्य सरकारच्या तिजोरीत जाणारा नव्हता. शाळा, नगरपालिका, अग्निशमन केंद्रे, ग्रंथालये आणि कौंटी, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्याशी जुळणारा प्रशासकीय विभाग, यांचा तो मुख्य आधार होता. त्यामुळे या कौलाची चर्चा बहुतेक वेळा कर किती घटला आणि सेवा किती घटल्या, या दोन प्रश्नांभोवतीच होत आली आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. थेट मतदानाने केलेल्या करकपातीतून निर्माण होणारी पैशाची तूट काही वर्षांत या ना त्या मार्गाने बरीचशी भरून निघते. परंतु त्या तुटीच्या निमित्ताने खर्चाचा निर्णय घेण्याचा जो अधिकार गावातून राजधानीत जातो, तो सहसा परत येत नाही.

अमेरिकेतील सुमारे निम्म्या राज्यांत नागरिकांना स्वतःहून कायद्याचा किंवा घटनादुरुस्तीचा मसुदा तयार करून, ठरावीक संख्येने सह्या गोळा करून, तो विधिमंडळाला वगळून थेट मतपत्रिकेवर आणता येतो. कॅलिफोर्नियात ही तरतूद १९११ साली गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत आली, आणि त्या काळी तिचा रोख रेल्वे कंपन्यांच्या राजकीय वर्चस्वावर होता. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व विवेचनासाठी ध्यानात ठेवावे लागते. विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा जमा आणि खर्च या दोन्ही बाजू एकाच वेळी सभागृहापुढे असतात; मतपत्रिकेवर मात्र बहुधा एकच बाजू असते, आणि तिच्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिलेले असते.

बंडाची पार्श्वभूमी

प्रपोझिशन १३ चे प्रवर्तक हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांच्या वक्तृत्वाला किंवा मतदारांच्या स्वार्थाला या निकालाचे सारे श्रेय अथवा दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण त्यामागे एक प्रामाणिक सुधारणाही होती. १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोचे करमूल्यांकन अधिकारी रसेल वोल्डन यांच्यावरील लाचखोरीचे प्रकरण उघडकीस आले आणि पुढे त्यांना शिक्षा झाली. या प्रकरणातून मूल्यांकनाची एक जुनी रीतही उजेडात आली, ती अशी की मूल्यांकन अधिकारी हे निवडून येणारे पद असल्याने घरमालकांची मते राखण्यासाठी घरांचे मूल्य जाणूनबुजून कमी धरले जाई आणि व्यापारी मालमत्तेचे जास्त. १९६६ च्या कायद्याने सर्व मालमत्तांचे मूल्यांकन बाजारभावाच्या २५ टक्के या एकाच प्रमाणात करणे बंधनकारक केले. भ्रष्टाचाराला आळा बसला खरा, पण त्याबरोबर घरमालकांना मिळणारी बेकायदेशीर सवलतही गेली. आणि पुढच्या दशकात घरांच्या किमती भरमसाट वाढू लागल्या तेव्हा ती वाढ थेट कराच्या बिलात उतरू लागली.

पगार किंवा निवृत्तिवेतन जागच्या जागी असताना केवळ शेजारचे घर महाग विकले गेले म्हणून आपला कर दुप्पट व्हावा, ही गोष्ट वयस्क घरमालकांना अन्यायाची वाटली, आणि ती तशी होतीही. घर विकल्याशिवाय वाढलेल्या किमतीतील एक डॉलरही हाती येत नाही, कर मात्र दरवर्षी रोख भरावा लागतो. त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत काही अब्ज डॉलरची शिल्लक साठत होती आणि विधिमंडळ दिलाशाच्या योजनांवर घोळ घालत बसले होते. मतदानाच्या काही आठवडे आधी लॉस एंजेलिस कौंटीचे नव्या मूल्यांकनाचे आकडे बाहेर आले, आणि ज्यांचे अजून ठरत नव्हते त्यांचेही ठरून गेले.

याला शाळांच्या बाजूनेही एक धागा आहे. १९७१ साली ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या खर्चातील विषमतेवर बोट ठेवले. न्यायालयापुढील आकडेवारीनुसार १९६८-६९ मध्ये बाल्डविन पार्क या साध्या वस्तीचा शाळा-जिल्हा, म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था, एका विद्यार्थ्यामागे सुमारे ५७७ डॉलर खर्च करत होता, तर श्रीमंत बेव्हर्ली हिल्स सुमारे १,२३२ डॉलर. कराचा दर मात्र नेमका उलटा होता: बाल्डविन पार्कमध्ये मूल्यांकनाच्या दर १०० डॉलरमागे ५ डॉलर ४८ सेंट आणि बेव्हर्ली हिल्समध्ये अवघे २ डॉलर ३८ सेंट. गरीब वस्ती दुपटीहून अधिक दराने कर भरून निम्म्याहून कमी खर्च करू शकत होती. १९७६ च्या दुसऱ्या निकालाने ही विषमता दूर करण्याचे बंधन पक्के झाले. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांचे म्हणणे असे की, आपण भरलेल्या कराचा संबंध आपल्याच गावच्या शाळेशी उरणार नाही हे दिसू लागल्यावर घरमालकांना जास्त कर भरण्याचे कारणच राहिले नाही आणि त्यातून प्रपोझिशन १३ ला बळ मिळाले. हा कार्यकारणसंबंध सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. पण करदाता आणि शाळा यांच्यातील दुवा १९७८ पूर्वीच सैल होऊ लागला होता, एवढे त्यातून निश्चित दिसते.

चार कलमे आणि एक वाक्य

या घटनादुरुस्तीचा गाभा चार कलमांत सांगता येतो. पहिले, मालमत्ता कराचा दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि त्यावर केवळ मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाच्या परतफेडीची भर घालता येत असे. त्याआधी हा दर सरासरी अडीच टक्क्यांहून अधिक होता. दुसरे, करासाठी धरायचे मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेले गेले आणि त्यात वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ करण्याची मुभा राहिली. घर विकले गेले किंवा नवे बांधकाम झाले तरच बाजारभावाने नवे मूल्यांकन. तिसरे, राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत हवे. चौथे, विशिष्ट कारणासाठी स्थानिक कर बसवायचा तर दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी.

दुसऱ्या कलमाचा परिणाम एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. १९७५ साली ५०,००० डॉलर मूल्य धरलेले घर त्याच मालकाकडे राहिले आणि दरवर्षी दोन टक्क्यांची पूर्ण वाढ झाली, तर पन्नास वर्षांनी त्याचे करपात्र मूल्य सुमारे १,३५,००० डॉलर होते आणि मूळ कर सुमारे १,३५० डॉलर. त्याच गल्लीतील तसेच घर आज १५ लाख डॉलरना विकत घेणाऱ्या कुटुंबाला १५,००० डॉलर भरावे लागतात. रस्ता तोच, कचरा उचलणारी गाडी तीच आणि मुलांची शाळाही तीच, पण कर अकरापट. सिलिकॉन व्हॅलीत गेल्या दोन-तीन दशकांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही, कारण ती बहुतेक वेळा या हिशेबातील दुसऱ्या घरात राहतात. अशी असमानता अमेरिकेच्या संविधानातील समान संरक्षणाच्या तत्त्वात बसते का, हा प्रश्न ‘नॉर्डलिंगर विरुद्ध हान’ या खटल्यात १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ही पद्धत वैध ठरवली. शेजार स्थिर राहावा आणि जुन्या रहिवाशाला आपल्या कराचा अंदाज असावा, हे हेतू न्यायालयाला पुरेसे वाटले.

या चार कलमांपेक्षाही दूरगामी ठरले ते पहिल्याच कलमातील एक वाक्य. एक टक्का कर कौंटीने गोळा करावा आणि तो कायद्यानुसार वाटला जावा, असे त्यात म्हटले होते. पूर्वी प्रत्येक नगरपालिका आणि शाळा-जिल्हा आपापला दर आपापल्या गरजेनुसार ठरवत असे. आता सर्वांचा मिळून एकच टक्का उरला आणि तो कोणाला किती हे ठरवणारा कायदा करण्याचा अधिकार राजधानी सॅक्रामेंटोतील विधिमंडळाकडे आला. स्थानिक कर उरला तो नावापुरता.

तूट भरली, अधिकार गेला

पहिल्या उन्हाळ्यात राज्यभर शाळांचे सुट्टीतील वर्ग बंद झाले आणि ग्रंथालयांच्या वेळा कमी झाल्या. पण सेवा पूर्णपणे कोसळतील हे भाकीत खरे ठरले नाही. कौलाला विरोध केलेले गव्हर्नर जेरी ब्राउन निकालानंतर त्याच्या अंमलबजावणीचे खंदे पुरस्कर्ते झाले आणि विधिमंडळाने शिलकीतून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम स्थानिक संस्थांकडे वळवली. या मदतीबरोबर अटीही आल्या: पोलीस आणि अग्निशमन सेवेला कात्री लावू नये, कर्मचाऱ्यांना पगारवाढ देऊ नये. पगारवाढीची अट पुढे न्यायालयात टिकली नाही, परंतु पैसा देणारा आता अटी घालणार हे त्या पहिल्याच वर्षी स्पष्ट झाले. १९७९ च्या कायद्याने मालमत्ता कराच्या वाटपाचे कायम सूत्र ठरवले, आणि ते मुख्यतः १९७८ पूर्वी कोण किती कर घेत होते यावर बेतलेले असल्याने ज्या नगरपालिकांनी सत्तरच्या दशकात काटकसर केली होती त्यांच्या पदरी पुढील पिढ्यांसाठीही कमीच वाटा आला.

शाळांचे स्थित्यंतर सर्वांत मोठे होते. सुमारे निम्मे उत्पन्न स्थानिक मालमत्ता करातून मिळवणाऱ्या शाळा बघता बघता मुख्यतः राज्याच्या अनुदानावर अवलंबून झाल्या. राज्याच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे आयकर, आणि त्यातही श्रीमंतांचा आयकर, जो शेअर बाजाराबरोबर वर चढतो आणि खाली कोसळतो. मालमत्ता कर लोकांना अप्रिय असतो, पण तो मंदीतही फारसा हलत नाही. त्याच्या जागी आलेला पैसा लोकांना कमी बोचतो, पण त्याचा भरवसा नसतो. त्याचा प्रत्यय दर मंदीत शिक्षकांना येतो. पुढील वर्षी नोकरी राहणार नसेल तर १५ मार्चपूर्वी तशी सूचना द्यावी, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. पण राज्याचा अर्थसंकल्प ठरतो जूनमध्ये. अनुदान किती मिळणार हे माहीत नसलेला शाळा-जिल्हा मार्चमध्ये धास्तीने हजारो नोटिसा काढतो आणि त्यांतील बऱ्याचशा उन्हाळ्यात मागे घेतो. जो कर स्वतः ठरवता येत नाही त्याच्या भरवशावर अर्थसंकल्प आखण्याची ही किंमत आहे.

ही अनिश्चितता मतपत्रिकेतून आली म्हणून तिच्यावरचा उपायही मतपत्रिकेतूनच शोधला गेला. १९८८ साली प्रपोझिशन ९८ ने राज्याच्या सर्वसाधारण निधीचा साधारण ४० टक्के भाग शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी राखून ठेवला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, १९९२ ते १९९४ या मंदीच्या वर्षांत ही हमी पाळण्यासाठी राज्याने नगरपालिका आणि कौंट्यांच्या वाट्याचा मालमत्ता कर काढून शाळांकडे वळवला, म्हणजे एका स्थानिक संस्थेच्या पानातले दुसरीच्या पानात वाढले आणि स्वतःची तिजोरी वाचवली. पुढे नगरपालिकांनी स्वतःच्या संरक्षणासाठी २००४ साली निराळी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. कपातीवर हमी, हमीवर संरक्षण आणि संरक्षणावर अपवाद असे थर चढत गेले. आज एखाद्या शाळा-जिल्ह्याला नेमके किती पैसे का मिळाले, हे सामान्य नागरिकाला समजावून सांगणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

दरम्यान स्थानिक संस्था स्वस्थ बसल्या नाहीत. १९८२ च्या मेलो-रूस कायद्याने नव्या वसाहतीतील रस्ते, गटारे आणि शाळा यांचा खर्च त्याच वसाहतीच्या घरमालकांकडून वेगळ्या कराने वसूल करण्याची सोय झाली. विक्रीकराचा एक टक्का विक्री जिथे झाली त्या गावाला मिळत असल्याने मोकळ्या जागेवर घरे बांधण्यापेक्षा मोटारविक्रीचे दालन किंवा मॉल आणणे नगरपालिकांना फायद्याचे ठरू लागले, कारण घरांतून कर थोडा आणि खर्च मोठा. शाळांनी ‘पार्सल टॅक्स’ म्हणजे मूल्याकडे न पाहता प्रत्येक मालमत्तेवर बहुधा सारखीच आकारली जाणारी पट्टी आणली, परंतु तिला दोन तृतीयांश मते लागतात. इमारतींच्या कर्जरोख्यांसाठी २००० सालापासून ५५ टक्के मते पुरतात, पण त्या पैशातून शिक्षकांचा पगार देता येत नाही. परिणामी एखाद्या शाळेची नवी प्रयोगशाळा चकचकीत असते आणि तिथे शिकवणाऱ्याची नेमणूक मात्र अनिश्चित. सधन भागांत पालकांच्या देणगी-संस्था ही उणीव भरून काढतात, गरीब भागांत ती तशीच राहते. ज्या विषमतेविरुद्ध सेरानो खटला लढवला गेला, ती काही अंशी मागच्या दाराने परत आली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाचा प्रतिविद्यार्थी खर्च एकेकाळी राष्ट्रीय सरासरीच्या वर होता आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो बराच खाली गेला, हे खरे; पण त्याचे सारे खापर एका कौलावर फोडता येत नाही. सेरानोने आणलेले समानीकरण, वाढती विद्यार्थिसंख्या आणि नव्वदच्या दशकातील मंदी यांचाही त्यात वाटा होता. २०१३ च्या नव्या अनुदानसूत्राने गरीब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना अधिक पैसा मिळू लागला आणि खर्चाची पातळीही सुधारली. समानता आणायची तर राजधानीच्या हातात काही अधिकार जावेच लागतात, हा युक्तिवाद वजनदार आहे. फरक एवढाच की, सेरानोचे केंद्रीकरण विचारपूर्वक मागितलेले होते, तर प्रपोझिशन १३ चे केंद्रीकरण ‘सरकारला आवरा’ म्हणत झालेल्या मतदानातून कोणी न मागता घडून आले.

इतर राज्यांचे अनुभव

कॅलिफोर्नियाची लाट लवकरच इतरत्र पोचली. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर १९८० मध्ये ‘प्रपोझिशन अडीच’ मंजूर केले. गावाचा एकूण मालमत्ता कर गावातील एकूण मालमत्तेच्या अडीच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि, नवे बांधकाम वगळता, वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा अधिक वाढू नये, अशी ती मर्यादा. मात्र साध्या बहुमताने ही मर्यादा ओलांडण्याची मुभा गावाला दिली गेली, त्यामुळे निर्णय गावातच राहिला. त्याची किंमत अशी की, सधन गावे असा जादा कर अधिक वेळा मंजूर करतात आणि इतर गावे राज्याच्या मदतीकडे डोळे लावून बसतात.

ओरेगॉनने १९९० साली ‘मेझर ५’ ने शाळांसाठीचा मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने दर हजार डॉलर मूल्यामागे पाच डॉलरवर आणला आणि तूट राज्याने भरावी असे ठरले. त्या राज्यात विक्रीकर नाही, म्हणून सारा भार आयकरावर पडला. २००३ च्या मंदीत पोर्टलँडजवळच्या हिल्सबरो शाळा-जिल्ह्याला शालेय वर्ष १७ दिवस आधीच संपवावे लागले. त्याच वर्षी पोर्टलँड ज्या मल्टनोमा कौंटीत आहे तिथल्या मतदारांनी शाळा वाचवण्यासाठी स्वतःवर तीन वर्षांचा तात्पुरता स्थानिक आयकर बसवून घेतला. तेरा वर्षांपूर्वी राज्याच्या कौलाने गेलेला अधिकार त्यांनी थोड्या काळासाठी जादा पैसे मोजून परत घेतला, असे त्याचे वर्णन करता येईल.

कोलोरॅडोने १९९२ साली घातलेले बंधन सर्वांत कडक मानले जाते. कोणतीही करवाढ मतदारांच्या संमतीशिवाय नाही, आणि राज्याचे उत्पन्न महागाई व लोकसंख्यावाढ यांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढले तर वरची रक्कम लोकांना परत. मूळ तरतुदीत एक मेख होती: उत्पन्न १०० वरून मंदीत ९० वर आले, तर पुढील वर्षाची मर्यादा ९० पासून मोजली जाई, म्हणून तीन टक्के वाढीची मुभा असेल तर मर्यादा ९३ च्याही खाली, मग अर्थव्यवस्था सावरून उत्पन्न पुन्हा १०० का होईना. २००५ साली मतदारांनीच ही मर्यादा पाच वर्षांसाठी बाजूला ठेवली आणि तिची मोजणी सुधारली. आज त्या राज्यातील निम्म्याहून अधिक शाळा-जिल्हे, बहुतांशी ग्रामीण, आठवड्यातून चारच दिवस भरतात, आणि पैशाची बचत हे त्यामागील एक प्रमुख कारण सांगितले जाते.

मिशिगनचा अनुभव या सर्वांहून वेगळा आहे. तेथील काल्कास्का या ग्रामीण शाळा-जिल्ह्यात मतदारांनी शाळेसाठीचा कर वारंवार नाकारल्यावर मार्च १९९३ मध्ये, वर्ष अर्धवट असताना, शाळा बंद कराव्या लागल्या. त्याच उन्हाळ्यात विधिमंडळाने शाळांसाठीचा मालमत्ता कर जवळजवळ संपूर्ण रद्द केला आणि पर्यायी उत्पन्नाचा प्रश्न मतदारांपुढे ठेवला. मार्च १९९४ च्या मतदानात निवड अशी होती: प्रस्ताव मंजूर झाला तर विक्रीकर चार टक्क्यांवरून सहा टक्के, नामंजूर झाला तर आयकरात वाढ. मतदारांनी विक्रीकर निवडला. येथेही शाळांचा खर्च ठरवण्याचा अधिकार लॅन्सिंग या राजधानीकडे गेला आणि पुढील मंदीत त्याची झळ शाळांना बसली. पण आपण काय सोडतो आहोत आणि त्याच्या बदल्यात काय येणार आहे, हे मतदाराला मतपत्रिकेवरच कळत होते.

निष्कर्षाकडे

प्रपोझिशन १३ आजही लोकप्रिय आहे. २०२० साली घरांना हात न लावता केवळ मोठ्या व्यापारी मालमत्तांचे मूल्यांकन बाजारभावाने करण्याचा प्रस्ताव, ज्यातून शाळा आणि स्थानिक संस्थांना अब्जावधी डॉलर मिळाले असते, ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी फेटाळला गेला. ज्याला आपल्या कराचा वीस वर्षांनंतरचा आकडा आजच सांगता येतो, तो नागरिक ही निश्चिती सहज सोडत नाही, आणि तिचे मोल नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घरमालकाला निश्चिती मिळाली, ती शाळेच्या अनिश्चितीच्या मोबदल्यात, एवढेच त्याबरोबर सांगितले गेले पाहिजे.

महाराष्ट्रात कराविषयी असे थेट मतदान होत नाही, पण निर्णयाच्या स्थलांतराचा प्रश्न येथेही अपरिचित नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबई महापालिकेचा उत्पन्नाचा मोठा स्रोत असलेली जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई आली. २०२२ च्या आरंभी मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णयही राज्य सरकारने घेतला. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बरेच बोलता येते. परंतु महापालिकेचे उत्पन्न किती असावे हे दोन्ही वेळा महापालिकेच्या सभागृहाबाहेर ठरले.

कर कमी करावा की नाही, याचे एकच शास्त्रशुद्ध उत्तर नाही. तो समाजाच्या पसंतीचा प्रश्न आहे आणि नागरिकांनी तो थेट मतदानाने सोडवावा यात गैर काही नाही. पाच दशकांच्या अनुभवातून एवढेच सिद्ध होते की, प्रश्नाची अर्धी बाजू विचारली की उरलेल्या अर्ध्या बाजूचे उत्तर दुसरेच कोणीतरी देते. म्हणून करकपातीच्या प्रत्येक प्रस्तावाला तीन कसोट्या लावता येतील: घटलेल्या उत्पन्नाच्या जागी कोणते उत्पन्न येणार, ते मंदीत टिकणारे आहे का, आणि ते कोणाच्या सहीने खर्च होणार. यांतील पहिल्या दोहोंची चर्चा वर्तमानपत्रांतून, सभांतून होत असते. तिसरी बहुधा निकालानंतर, अर्थसंकल्पाच्या बैठकीत, शाळेच्या मंडळाला कळते. ती मतदानापूर्वी विचारली गेली, तर कौल कोणत्याही बाजूने लागो, तो पूर्ण प्रश्नाला दिलेला कौल असेल.